पुणे मेट्रोचे बांधकाम आणि स्थानिक व्यापार

पुणे मेट्रोच्या बांधकामाचा मार्गालगतची दुकाने, पथारीवाले व बाजारपेठा यांच्या व्यवहारांवर परिणाम झाला. प्रकल्पाचे भूमिपूजन २४ डिसेंबर २०१६ रोजी झाले. पहिले भाग ६ मार्च २०२२ रोजी, तर जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी भाग २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला.

पेठांमधील काम

बोगदा यंत्राने जमिनीखालून खोदला जात असल्याने वरचा रस्ता सहसा चालू राहतो. स्थानकासाठी मात्र वरून खोदकाम करावे लागते आणि त्याभोवती पत्र्याचे कुंपण उभे राहते. कसबा पेठ व मंडई ही स्थानके जुन्या, दाट वस्तीत आहेत. महात्मा फुले मंडईची इमारत १८८६ मधील असून तिच्या परिसरात अरुंद रस्ते आणि तळमजल्यावरील दुकाने आहेत. अशा ठिकाणी टेम्पो दुकानासमोर लागला नाही, तर माल हमालाकरवी किंवा हातगाडीवरून आणावा लागतो व तो खर्च दुकानदारावर पडतो. हुकलेली दिवाळी किंवा लग्नसराई एरवीच्या विक्रीतून भरून निघणे कठीण असते.

भरपाईचा प्रश्न

२०१३ चा भूसंपादन कायदा जमीनमालकांबरोबरच, संपादित क्षेत्रात आधीची तीन वर्षे काम करणाऱ्या आणि उपजीविका बाधित झालेल्या भाडेकरू व कारागीर कुटुंबांनाही बाधित मानतो. पथारीवाल्यांच्या स्थलांतराबाबत २०१४ चा स्वतंत्र कायदा आहे. ज्या दुकानाची जागा संपादित होत नाही, केवळ समोरची वाट अडते, त्याच्या बुडालेल्या विक्रीची तरतूद मात्र यांपैकी कोणत्याही कायद्यात नाही. मुंबईत मेट्रो मार्ग ३ साठी गिरगाव व काळबादेवी येथील बाधित रहिवासी आणि दुकानदारांचे त्याच परिसरात पुनर्वसन करण्याची योजना आखण्यात आली. तीही जागा गेलेल्यांपुरतीच.

मार्ग सुरू झाल्यावर गर्दी वाढते. २०२५ च्या गणेशोत्सवात मंडई व कसबा पेठ स्थानकांवर ती दिसून आली. परंतु जागेचे मोल वाढण्याचा लाभ मालकाला होतो, भाड्याच्या गाळ्यातील व्यापाऱ्याला होईलच असे नाही.

मांजरी परिसर

२०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झालेल्या मांजरी बुद्रुकच्या बाजूने हडपसर–लोणी काळभोर मेट्रो मार्ग प्रस्तावित आहे. येथील व्यापार पेठांपेक्षा वेगळा असून तो बराचसा पुणे–सोलापूर रस्त्यावरील वाहतुकीवर अवलंबून आहे. मांजरीत पुणे कृषी उत्पन्न बाजार समितीचा उपबाजार असून तेथे शेतकरी भाजीपाला थेट खरेदीदारांना विकतात. पालेभाजी काही तासांत कोमेजते. त्यामुळे खांब उभारणीच्या काळात रस्ता अरुंद झाल्यास दुकानदारांइतकाच फटका या शेतकऱ्यांना बसू शकतो.