बालपणाचे स्मरणलेखन : सिंधुदुर्गातील

लहानपणीचे घर आणि आप्तांच्या आठवणी सांगणारे आत्मपर गद्य. कोकणच्या संदर्भात त्याचा ठळक आदर्श म्हणजे साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’. सिंधुदुर्गात वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचे जयवंत दळवी (१९२५–९४) यांनी ‘सारे प्रवासी घडीचे’मध्ये गावची माणसे चितारली, तर मधु मंगेश कर्णिक यांनी ‘करूळचा मुलगा’ या आत्मचरित्राच्या नावातच आपले गाव गुंफले.

या लेखनाची गोडी तपशिलात असते : शेणाने सारवलेले खळे, पडवी, चुलीवर रटरटणारी पेज, रात्री जागून पाहिलेला दशावतार. चतुर्थीला गणपतीवर बांधलेल्या माटवीत, म्हणजे लाकडी चौकटीत, आंब्याचे टाळ, नारळ, कवंडळे टांगली जातात. माटवी बांधताना काका-आजोबांच्या हाताखाली राबलेले मूल तो ओला, हिरवा वास जन्मभर विसरत नाही. मुंबईला गेलेले चाकरमानी सणाला परततात, म्हणून आठवणीत भेटीच्या आनंदाबरोबर निरोपाची हुरहुरही येते.

कुटुंबाचा खासगी जिव्हाळा जपता जपता हे लेखन गावाच्या सामाजिक इतिहासाचे मोलाचे साधन ठरते.