पिकअपच्या पोटात ट्रॅक्टरचं काळीज
जुनी जीप कुठे दिसली तर आधी तिच्या बॉनेटची उंची बघा. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप बसक्या नाकाची. आत ६० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन. पुढे विलीजने त्याच इंजिनावर नवं हेड चढवलं. मिश्रण आत घेणारे व्हॉल्व्ह वर गेले, धूर बाहेर सोडणारे बाजूलाच राहिले. ताकद सत्तरीच्या पुढे गेली, पण इंजिन उंच झालं. मग १९५३ साली या 'हरिकेन'साठी सीजे-३बी जीपचं बॉनेटच वर उचलावं लागलं. ती जरा बावळट दिसणारी उंच नाकाची जीप महिंद्राने मुंबईत वर्षानुवर्षं बनवली. आपल्या आजोबांच्या पिढीला जीप म्हटलं की जो चेहरा आठवतो, तो एका इंजिनबदलातून आला आहे.

याच इंजिनावर १९६५ मध्ये महिंद्राने एफसी-१५० ही छोटी पिकअप आणली. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. नाक नाही, ड्रायव्हर थेट पुढच्या चाकांवर, आणि इंजिन केबिनमध्येच, दोन सीटांच्या मधल्या डब्याखाली. मागे सामानाला भरपूर जागा. उन्हाळ्यात ड्रायव्हरची मांडी भाजून निघायची ती वेगळी.

मग १९७३ उजाडलं. अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांत कच्चं तेल पिंपाला ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या आसपास गेलं. आपल्याकडे पेट्रोल म्हणजे चैन असा सरकारी हिशेब, तर डिझेल हे एसटीचं, मालट्रकचं, शेतीपंपाचं इंधन. ते बरंच स्वस्त ठेवलं गेलं. भाजी, दूध, सिमेंट वाहून पोट भरणाऱ्याच्या पिकअपमध्ये मात्र पेट्रोल पिणारं हरिकेन होतं. गाडी कर्जाची, चेसिस ठणठणीत, आणि रोजच्या फेरीत हाती काही उरत नाही. गाडी विकावी तर पेट्रोलची गाडी घेणार कोण? राहिला एकच मार्ग, इंजिन बदलायचं. पण कुठलं?

मद्रासच्या सिम्पसन कंपनीत पर्किन्सच्या परवान्याने डिझेल इंजिनं बनत होती. दुसरा पर्याय ट्रॅक्टरचा. महिंद्रा आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारीत १९६३ पासून उभ्या राहिलेल्या कंपनीचा बी-२७५ ट्रॅक्टर शेतकऱ्यांच्या चांगला परिचयाचा होता. त्याचं इंजिन दणकट, सुट्टे भाग तालुक्याला मिळणारे, दुरुस्ती करणारा मिस्त्री गावातलाच.

इथे गणित आडवं येतं. पेट्रोल इंजिन मिनिटाला चार हजार फेरे घेतं, ट्रॅक्टरचं दोन हजारांच्या आसपास दमतं. जुन्या जीपच्या डिफरन्शियलचं प्रमाण ५.३८ ला १, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाचे पाचाहून जास्त फेरे. सोळा इंची रिमचा जीपचा टायर एका फेरीत सव्वादोन मीटर जातो. गुणाकार करून बघा: दोन हजार फेऱ्यांवर टॉप गिअरमध्ये गाडी ताशी पन्नासच्या आसपास अडकते. घाटात ओढेल बैलासारखी, सपाट रस्त्यावर मात्र मागचे हॉर्न ऐकत बसायचं. शिवाय डिझेल इंजिन जड, म्हणून पुढचे पाटे जाड हवेत. गिअरबॉक्सशी जुळायला मध्ये वेगळी प्लेट घडवून घ्यायची. स्टार्टर, बॅटरी, रेडिएटर, माउंटिंग, सगळंच बदलायचं. आणि नाक नसलेल्या गाडीत हा धडधडाट ड्रायव्हरच्या कुशीत. माझ्या मते एफसीमध्ये ट्रॅक्टरचं इंजिन हा शुद्ध नाइलाज होता. पण नाइलाजाला पोटाचा हिशेब कळतो, कानाचा नाही.

कंपनीलाही तोच हिशेब करावा लागला. १९७५ मध्ये महिंद्राने एफसी-२६० हा डिझेल छोटा ट्रक आणला. १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजोकडून एक्सडीपी ४.९० या इंजिनाचा परवाना घेतला. त्याच्या नावातच माप आहे: ४ सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, एकूण २११२ सीसी. हे शेतातलं नव्हे, मोटारींच्या घराण्यातलं डिझेल. जास्त फेरे घेणारं, म्हणून जीपच्या जुन्या गिअरांशी त्याचं बरं जमलं. त्यासाठी इगतपुरीला कारखाना उभा राहिला, कसारा घाटाच्या डोक्यावर. पुढे एमएम-५४० जीपमध्ये हेच इंजिन बसलं.

आज असा बदल करायचा तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ समोर येतं. आरटीओची परवानगी घ्या, आरसीवर नवा इंजिन नंबर चढवा. नाहीतर अपघात झाल्यावर विमा कंपनी आधी तो नंबरच ताडून बघते.

तेव्हा उतरवलेली हरिकेन इंजिनं बहुतेक भंगारात वजनावर गेली. आता हौशी मंडळी जुन्या जीप मूळ रूपात आणायला निघाली आहेत, आणि भंगारवाल्यांकडे विचारत फिरतात: पेट्रोलचं ओरिजिनल इंजिन आहे का हो कुठे?