काळ्या रंगाची लाकडी विमाने

युद्धात शत्रूला ओळखणे जितके अगत्याचे, तितकेच स्वकीयाला ओळखणेही अगत्याचे असते. तलवारीच्या काळी निशाण, पोशाख आणि रणघोष यांवरून ही ओळख पटत असे. विमान मात्र ताशी दोनतीनशे मैलांच्या वेगाने माथ्यावर येते आणि तोफेजवळच्या सैनिकाला निर्णयासाठी काही क्षणच मिळतात. त्या क्षणी चूक झाली तर तिचे मोल काय पडते, हे अमेरिकेला युद्ध दाराशी आले त्याच दिवशी कळले. ७ डिसेंबर १९४१ रोजी सकाळी जपानी विमानांनी पर्ल हार्बरवर हल्ला केला. त्याच रात्री ‘एंटरप्राइज’ या विमानवाहू जहाजाची सहा लढाऊ विमाने तेथे उतरू लागली, तेव्हा दिवसभराच्या संहाराने बिथरलेल्या तोफखान्याने आपल्याच विमानांवर मारा केला. त्यात तीन वैमानिक प्राणास मुकले.

अशा प्रमादांवर एक उपाय म्हणजे सैनिकांच्या नजरेला वळण लावणे. त्यासाठी विमानांच्या हुबेहूब प्रतिकृती हव्या होत्या, आणि त्याही थोड्याथोडक्या नव्हेत. १९४२ च्या आरंभी नौदलमंत्री फ्रँक नॉक्स यांनी हे काम चक्क शाळकरी मुलांवर सोपविले. विमानांचे ५० प्रकार, प्रत्येकाचे १०,००० नमुने, म्हणजे एकूण पाच लाख प्रतिकृती, अशी ती योजना होती. संघराज्याच्या शिक्षण कार्यालयाने शाळाशाळांतून आराखडे पोहोचविले आणि सुतारकामाच्या वर्गांना एकाएकी रणभूमीचे महत्त्व आले.

काम दिसावयास सोपे, पण करावयास कठीण. मऊ लाकडाचा ठोकळा घ्यावयाचा, आराखड्यावरून आकृती उतरवावयाची, मग चाकू, कानस आणि काचकागद यांच्या साहाय्याने तिला रूप द्यावयाचे. विमानाच्या अंगाचा घेर जागोजागी बरोबर उतरला की नाही, हे पुठ्ठ्याचे फर्मे लावून तपासले जाई. तपासणीत न उतरलेली प्रतिकृती नाकारली जाई, कारण नमुनाच चुकला तर शिकणाऱ्याची नजरही चुकणार. चांगले काम करणाऱ्या मुलांना मानद पदांची प्रशस्तिपत्रे मिळत.

या प्रतिकृतींचे प्रमाण १:७२ असे होते. प्रत्यक्षातील सहा फूट म्हणजे नमुन्यातील एक इंच. त्यामुळे पस्तीस फुटांवर धरलेली प्रतिकृती पाहणे म्हणजे खरे विमान सुमारे अर्ध्या मैलावरून पाहणे होय. वर्गाच्या चार भिंतींत आकाश आणण्याची ही युक्ती होती. रंग मात्र एकच, काळा. आकाशाच्या उजेडावर विमान प्रथम दिसते ते छायाकृतीसारखे. त्याचे रंग आणि चिन्हे नजरेत भरेपर्यंत फार उशीर झालेला असतो. म्हणून शिकणाऱ्याने रंग विसरून आकार ओळखावा, हा हेतू. स्पिटफायरचे पंख लंबवर्तुळाकार, तर जर्मन स्टुकाचे पंख मुळाशी खाली झुकून पुन्हा वर उचललेले. अशा खुणा समोरून, बाजूने आणि खालून पाहून मनात ठसवावयाच्या होत्या. पुढे शिकागोच्या क्रूव्हर कंपनीने प्लॅस्टिकच्या प्रतिकृती साच्यातून काढावयास आरंभ केला आणि लाकडी नमुन्यांची गरज ओसरली.

परंतु शिकविलेल्या नजरेलाही मर्यादा असते. ११ जुलै १९४३ च्या रात्री छत्रीधारी सैनिकांना घेऊन १४४ अमेरिकन वाहतूक विमाने सिसिलीवर आली. थोड्याच वेळापूर्वी शत्रूचा हवाई हल्ला होऊन गेला होता. एका तोफेने मारा सुरू केला, तिच्यामागोमाग इतरांनी केला, आणि मित्रांच्याच गोळ्यांनी २३ विमाने पडली. अंधार आणि भीती यांच्यापुढे आकाराचे ज्ञान लुळे पडले.

या आघाताचा धडा जून १९४४ मध्ये उपयोगी पडला. नॉर्मंडीवरील स्वारीपूर्वी दोस्तांच्या हजारो विमानांच्या पंखांवर आणि अंगावर तीन पांढरे व दोन काळे असे जाड पट्टे रंगविण्यात आले. हुकूम ऐनवेळी सुटल्यामुळे कित्येक ठिकाणी ते काम कुंचल्यांनी घाईघाईत उरकले गेले, आणि पट्ट्यांच्या कडा वेड्यावाकड्या राहिल्या. प्रतिकृतींवरून मुद्दाम वगळलेला रंग असा शेवटी खऱ्या विमानांवर परत आला.

छंद म्हणून प्रतिकृती करणाऱ्यांमध्ये १:७२ हे प्रमाण आजही रूढ आहे. नॉर्मंडीचे विमान हुबेहूब साकारू पाहणारा कारागीर कित्येकदा ते पट्टे मुद्दाम थोडे वाकडे रंगवितो. त्या वाकडेपणात मागील चुकांतून शिकलेल्या माणसांची धांदल आहे, आणि आपलाच माणूस आपल्या हातून मरू नये ही काळजीही आहे.