त्सावोचे सिंह आणि रुळांवरची माणसे

वैजापूरला आगगाडी आली, पण ती गावात शिरली नाही. रोटेगावला येऊन थांबली. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करीत हैदराबादेस जाणारी ही निजामाच्या राज्यातली गाडी एकोणिसावे शतक संपता संपता सुरू झाली. रूळ मीटरगेजचे, म्हणजे दोन रुळांमध्ये अंतर बरोबर एक मीटर. मनमाडला मोठ्या गाडीतून उतरून या लहान गाडीत बसले की घर जवळ आल्यासारखे वाटे. १९९० नंतरच्या दशकात आमच्या मार्गावर रुंद रूळ आले आणि जुन्यांची आठवण तेवढी राहिली.

त्या गाडीची एक जुळी बहीण समुद्रापलीकडे होती, हे मला फार उशिरा कळले. रोटेगावकडे रूळ पडत होते, त्याच सुमारास पूर्व आफ्रिकेत मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत याच मापाचे रूळ पडत होते. माप हेच निवडण्यात एक हिशेब असा होता की, हिंदुस्थानातली एंजिने आणि डबे तिकडे चालावेत. आणि नुसती एंजिनेच नव्हे, माणसेही इथूनच गेली.

केनियाच्या सहलीत आमच्या वाट्याला एक दिवस आगगाडीचा आणि रानातल्या भटकंतीचा आला, तेव्हा हा सारा इतिहास खिडकीबाहेर पसरलेला होता. 'सफारी' या शब्दाचे आपल्याला मोठे अप्रूप. पण तो आपल्या 'सफर' शब्दाचा सख्खा भाऊ. दोघेही अरबीतून आलेले. स्वाहिलीत सफारी म्हणजे साधा प्रवास. सिंह दिसलाच पाहिजे अशी अट नाही!

मोंबासाहून सकाळी आठला निघालो. ही नवी गाडी ३१ मे २०१७ रोजी सुरू झाली. रूळ मीटरगेजपेक्षा रुंद. चिनी कर्जाने आणि चिनी कंपनीने बांधलेले. जुना मार्ग मधूनमधून शेजारी दिसतो. गवतात बुडालेले ते अरुंद रूळ पाहिले आणि मी सौभाग्यवतींना म्हणालो, "हे पाहा, आपले रोटेगाव!" त्यांनी चहाच्या पेल्यावरून माझ्याकडे नुसते पाहिले. असो.

त्या जुन्या रुळांची हकीकत मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. १८९६ साली मोंबासाला काम सुरू झाले. १८९९ च्या मे महिन्यात रूळ नैरोबीला पोहोचले आणि १९०१ च्या डिसेंबरात सरोवराच्या काठी. एकूण ५८२ मैल. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले. बहुतेक पंजाबातले, करार तीन वर्षांचा, साध्या मजुराचा पगार महिना पंधरा रुपये आणि वर शिधा. कचेऱ्यांतून हिशेब लिहिणाऱ्यांत गोव्याकडची माणसे पुष्कळ होती. पगार मिळे तो इंग्रजी छापाच्या रुपयांत, कारण त्या मुलखात तेव्हा हाच रुपया चाले. यातली मौज आम्हा मराठवाडेकरांना चटकन कळेल. आमच्या वैजापुरात तेव्हा निजामाचा हाली शिक्का चालत होता आणि इंग्रजी रुपयाला 'कलदार' म्हणून वेगळे मोजत. म्हणजे जो रुपया आमच्या बाजारात परका, तो समुद्रापलीकडे मोंबासाला घरचा!

गाडी वोईला थांबली. इथून त्सावोचे अभयारण्य सुरू होते. ते १९४८ मध्ये राखीव झाले. पूर्व आणि पश्चिम असे त्याचे दोन भाग मिळून वीस हजार चौरस किलोमीटरांहून अधिक भरतात; आमच्या जिल्ह्यासारखे दोन जिल्हे त्यात बसतील. माती तांबडी लाल. हत्ती अंगावर तीच माती उडवून घेतात, त्यामुळे विटेच्या रंगाचे दिसतात. नव्या रेल्वेचा भराव उंच आहे आणि त्याखालून हत्तींना जाण्यायेण्यासाठी मोठमोठे बोगदे ठेवले आहेत. दुपारपर्यंत हत्ती, जिराफ, झेब्रे मनसोक्त पाहिले. सिंह एकच दिसला, तोही झुडपाच्या सावलीत पाठ करून झोपलेला. इथल्या सिंहांना आयाळ फार तोकडी असते, कित्येकांना नसतेच. गाडीतल्या मंडळींचे कॅमेरे अर्धा तास त्या पाठीवर रोखलेले होते.

याच रानातल्या दोन बिनआयाळीच्या सिंहांनी १८९८ मध्ये रेल्वेचे काम बंद पाडले होते. त्सावो नदीवरचा पूल बांधायला पॅटरसन नावाचा इंग्रज अधिकारी मार्च महिन्यात आला आणि पाठोपाठ रात्री तंबूंतून माणसे उचलली जाऊ लागली. काट्यांची कुंपणे घातली, शेकोट्या पेटवल्या, मजूर झाडांवर माचाण बांधून झोपू लागले. उपयोग झाला नाही. डिसेंबरात शेकडो मजुरांनी रुळांवर आडवे पडून एक मालगाडी थांबवली आणि तीत चढून ते मोंबासाकडे निघून गेले. काम तीन आठवडे बंद. मग ९ डिसेंबरला पहिला सिंह पडला आणि २९ डिसेंबरला दुसरा.

सिंह माणसांवर का उलटले याची कारणे पुढे शोधली गेली. एका सिंहाचा सुळा मोडून दुखत होता, हे एक. दुसरे कारण शेतकऱ्याला लगेच उमजेल. त्याआधी काही वर्षे बुळकांडीची साथ त्या मुलखातून फिरली होती आणि गुरांबरोबर रानरेडेही मेले होते. ज्या बुळकांडीने आपले गोठे पिढ्यान्‌पिढ्या ओस पाडले, तिनेच सिंहांचे ताटही रिकामे केले. हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले.

किती माणसे खाल्ली? पॅटरसनने आधी २८ हिंदी मजूर सांगितले, पुढे आकडा १३५ वर नेला. २००९ मध्ये संशोधकांनी सिंहांची हाडे आणि केस तपासून सुमारे ३५ चा अंदाज केला. या २८, ३५ आणि १३५ वर आजवर किती शाई खर्च झाली! पुस्तके निघाली, चित्रपट निघाले. पण त्या रेल्वेवर मेलेले हिंदी मजूर सुमारे अडीच हजार, म्हणजे मैलामागे चार. त्यांतले फारच थोडे सिंहाच्या तोंडी गेले; बाकीचे हिवतापाने, हगवणीने, पायांत चिघळलेल्या जखमांनी गेले. हिवतापाची गोष्ट कोण विकत घेणार? सिंहांची कातडी मात्र पॅटरसनच्या घरी पंचवीस वर्षे जमिनीवर अंथरलेली होती. १९२४ मध्ये शिकागोच्या वस्तुसंग्रहालयाने ती ५,००० डॉलरांना घेतली आणि पेंढा भरून उभी केली. आज ती काचेमागे आहेत.

एका मजूर टोळीचा कागद मात्र टिकला. सिंह मारल्यावर कामगारांनी पॅटरसनला चांदीचे पात्र दिले. त्यावरच्या मजकुराखाली ३० जानेवारी १८९९ ही तारीख आहे आणि सर्व कामगारांच्या वतीने सही आहे पुरुषोत्तम हरजी परमार या ओव्हरसियरची. सिंहांनी खाल्लेल्या कितीएकांची नावे त्यात नाहीत. पण हजारोंच्या गर्दीतून निदान हे एक नाव तरी आपल्यापर्यंत आले.

मन्यानी नाक्याने बाहेर पडून आम्ही त्सावो नदीवर गेलो तेव्हा ऊन उतरले होते. पाणी थोडे, काठाला उंच ताडासारखी झाडे. इतक्यात नव्या पुलावरून गाडी गेली. आमच्या चालकाला विचारले, तुमच्या भाषेत आगगाडीला काय म्हणता?

"गारी ला मोशी," तो म्हणाला.

मोशी म्हणजे धूर. आणि 'गारी' ही आपलीच गाडी. वाफेची एंजिने केव्हाच गेली, पण नाव तेच चालू आहे.