‘स्टिफ’ म्हणजे नेमकं किती? गोल्फच्या दांड्याचा इतिहास आणि मोजमापाचा प्रश्न



सिनॉप्सिस लिहायला बसलं की गाइड पहिलं विचारतात, "यातल्या शब्दांच्या कार्यात्मक व्याख्या कुठे आहेत?" कार्यात्मक व्याख्या म्हणजे एखादी गोष्ट कशी मोजणार, हे सांगणारी व्याख्या. बऱ्याच जणांना हा नुसता फॉर्म भरण्याचा भाग वाटतो. तो तसा का नाही, हे आज एका वेगळ्याच क्षेत्राच्या इतिहासातून बघू. विषय आहे गोल्फच्या काठीचा दांडा. खेळ येत नसला तरी अडणार नाही, मुद्दा मोजमापाचा आहे.

गोल्फच्या काठीला ‘क्लब’ म्हणतात. खाली चेंडूला लागणारं डोकं, वर हाताची पकड आणि दोन्हींना जोडणारा लांब दांडा म्हणजे ‘शाफ्ट’. क्लब फिरवताना हा शाफ्ट वाकतो. तो किती वाकतो याला ‘फ्लेक्स’ म्हणतात. आज दुकानात शाफ्टवर अक्षरं छापलेली दिसतात: एल म्हणजे लेडीज, ए म्हणजे बहुधा ज्येष्ठांसाठी, आर म्हणजे रेग्युलर, एस म्हणजे स्टिफ आणि एक्स म्हणजे एक्स्ट्रा स्टिफ. अक्षरं सगळीकडे तीच, पण ‘एस’ म्हणजे किती ताठ, याचं सगळ्या कंपन्यांना लागू असलेलं एकही मानक नाही. एका कंपनीचा ‘आर’ दुसऱ्या कंपनीच्या ‘एस’इतका ताठ निघू शकतो. हे असं का झालं, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

हाताला कळतं ते: हिकरीचा काळ

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून येणारं हिकरीचं लाकूड शाफ्टसाठी सर्वांत चांगलं ठरलं. चिवट, लवचीक आणि धक्का सहन करणारं. पण लाकूड म्हटलं की प्रत्येक तुकडा वेगळा. एकाच झाडाच्या दोन फळ्यांचे रेषे सारखे नसतात. त्यामुळे कारागीर शाफ्ट खरवडत जायचा, मध्येच वाकवून बघायचा आणि ‘जमलं’ वाटलं की थांबायचा. शिवाय हिकरी वाकते तशी पिळवटतेही. खेळाडूला आपली फिरवण्याची लय त्या पिळाशी जुळवून घ्यावी लागे.

म्हणजे मोजमाप नव्हतंच का? होतं, पण ते हातात होतं. बॉबी जोन्स यांनी १९३० साली ब्रिटन आणि अमेरिका मिळून त्या वेळच्या चारही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या, त्याही हिकरीच्या क्लबांनी. त्यांच्याबद्दल एक किस्सा नेहमी सांगितला जातो. त्यांनी हाताच्या अंदाजाने जमवलेला संच पुढे यंत्रावर तपासला तेव्हा एक क्लब सोडून बाकी सगळे एकमेकांशी छान जुळणारे निघाले, आणि तो एक क्लब त्यांना कायम त्रास देणारा होता. किस्सा म्हणूनच घ्या. पण सरावलेला हातही मोजण्याचं साधन असू शकतो, हे त्यातून छान कळतं. अडचण एवढीच की ते साधन दुसऱ्याला देता येत नाही.

स्टील आलं, अक्षरं आली

स्टीलच्या शाफ्टचे प्रयोग १८९० च्या दशकापासून सुरू होते. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने स्पर्धेत स्टीलला परवानगी दिली १९२४ मध्ये. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ‘रॉयल अँड एन्शंट’ या नियामक संस्थेने ती १९२९ मध्ये दिली. १९३१ ची यूएस ओपन बिली बर्क यांनी स्टीलच्या शाफ्टने जिंकली आणि पुढच्या काही वर्षांत हिकरी मागे पडली. लोकांचं मन वळवायला सुरुवातीच्या काही स्टीलच्या शाफ्टवर लाकडासारखं दिसणारं आवरणही चढवलं जायचं.

यात विज्ञान काय आहे? एका बाजूने घट्ट धरलेल्या दांड्याच्या टोकाचा ताठपणा तीन गोष्टींवर ठरतो: पदार्थ, छेदाचा आकार आणि लांबी. स्टीलचा यंग मापांक सुमारे २०० गिगापास्कल, हिकरीचा त्याच्या दहाव्या भागाच्या आसपास. पण स्टीलची घनता लाकडाच्या जवळपास दहापट. म्हणून भरीव स्टील चालत नाही, पोकळ नळी लागते. नळीचा बाहेरचा व्यास आणि भिंतीची जाडी बदलली की ताठपणा बदलतो, आणि कारखान्यात तोच व्यास हजारो वेळा काढता येतो.

इथे इतिहासात पहिल्यांदा ‘सारखे’ शाफ्ट शक्य झाले. एकाच लयीत फिरवता येतील असे जुळवलेले संच विकले जाऊ लागले. हिकरीच्या काळात एकाच क्लबने तऱ्हेतऱ्हेचे फटके मारले जायचे, आता प्रत्येक अंतरासाठी वेगळा क्लब मिळू लागला. काही खेळाडू पंचवीस-तीस क्लब घेऊन फिरू लागले, तेव्हा अमेरिकेत १९३८ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९३९ मध्ये चौदा क्लबांची मर्यादा घातली गेली.

प्रकार वाढले की नावं लागतात, आणि अक्षरं हे सोयीचं नाव होतं. नीट बघा, अक्षराने कारखान्याच्या आतला प्रश्न सुटत होता: आमच्या मालात हा त्याहून ताठ. संशोधनाच्या भाषेत ही क्रमवाचक श्रेणी. त्यात क्रम आहे, पण दोन पायऱ्यांमधलं अंतर ठरलेलं नाही आणि दुसऱ्या कारखान्याच्या श्रेणीशी तिचा काही संबंध नाही. ग्राहकाने मात्र ती मोजमाप म्हणून वाचली. गोंधळाची सुरुवात इथेच झाली.

अक्षरापासून आकड्याकडे

१९६९ मध्ये ‘शेक्सपिअर’ या मासेमारीच्या गळकाठ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीत फ्रँक थॉमस यांनी ग्रॅफाइटचा, म्हणजे कार्बन तंतू आणि रेझिनचा शाफ्ट बनवला. तो स्टीलपेक्षा बराच हलका होता. पण सुरुवातीचे हे शाफ्ट फार पिळवटायचे. हिकरीसोबत गेलेला पिळाचा प्रश्न परत आला. तंतू कोणत्या कोनात गुंडाळायचे यावर वाकणं आणि पिळणं वेगवेगळं ठरवता येऊ लागलं, तेव्हा एकटं अक्षर आणखीच अपुरं पडलं.

याच १९७० च्या दशकात जोसेफ ब्रेली यांनी वेगळा मार्ग धरला. शाफ्टची जाड बाजू घट्ट पकडायची, टोक ओढून सोडायचं आणि मिनिटाला किती कंपनं होतात ते मोजायचं. ड्रायव्हर या सर्वांत लांब क्लबची कंपनं साधारण मिनिटाला २५० च्या आसपास असतात. पुढे ‘रायफल’ नावाच्या शाफ्टवर ५.५, ६.० असे आकडे याच विचारातून आले.

हे घरी करून बघता येईल. स्टीलची पट्टी टेबलाच्या कडेला दाबून धरा आणि टोक छेडा. पट्टी आणखी आत सरकवली की कंपनं वाढतात. बाहेरची लांबी १० टक्क्यांनी कमी केली तर ताठपणा सुमारे ३७ टक्क्यांनी वाढतो, कारण तो लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. टोकाला खोडरबर चिकटवलं की कंपनं कमी होतात, ताठपणा मात्र तोच राहतो. आता लक्षात येईल की २५० हा आकडा एकट्या शाफ्टचा नाहीच. डोक्याचं वजन, लांबी आणि पकड किती इंच धरली, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. कंपनं ताठपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतात, म्हणून ताठपणा १० टक्के वाढला तरी २५० चे २६२ च होतात.

अजून एक अडचण म्हणजे शाफ्ट सगळीकडे सारखा ताठ नसतो. सारखी कंपनं असलेल्या दोन शाफ्टपैकी एकाचं टोक मऊ आणि दुसऱ्याचं कडक असू शकतं. म्हणून आज शाफ्टच्या लांबीवर ठिकठिकाणी ताठपणा मोजून त्याचा आलेख काढतात. हाताचा अंदाज, मग अक्षर, मग आकडा, मग आलेख असा हा प्रवास आहे.

पण त्याने फरक पडतो का?

चांगलं मोजता आलं म्हणजे ते महत्त्वाचं आहे, असं होत नाही. हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि त्याचाही इतिहास आहे.

एमआयटीतले हॅरल्ड एजर्टन यांनी १९३८ मध्ये डेन्समोर शूट या खेळाडूच्या फटक्याचं स्ट्रोबच्या प्रकाशात बहुप्रतिमा छायाचित्र घेतलं. वाकणारा शाफ्ट त्यात स्पष्ट दिसतो. वाकतो हे दिसलं, पण वाकण्याने काय होतं ते छायाचित्र सांगत नाही. १९६८ मध्ये अ‍ॅलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांचं ‘द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग’ हे पुस्तक आलं. चेंडू आणि क्लब यांचा स्पर्श सुमारे अर्धा मिलिसेकंद टिकतो. एवढ्या वेळात धक्का हातापर्यंत जाऊन परत येऊ शकत नाही. म्हणजे त्या क्षणी डोकं जवळपास मोकळंच असतं. शाफ्टचं काम त्याआधी होऊन जातं: डोकं कोणत्या कोनात चेंडूपाशी पोहोचलं, एवढं.

२००९ मध्ये मॅकेन्झी आणि स्प्रिगिंग्ज यांनी संगणकीय प्रतिकृती वापरून बघितलं. लवचीक शाफ्ट चाबकासारखा झटका देऊन वेग वाढवतो, हा जुना समज आहे. त्यांच्या प्रतिकृतीत वेगात फारसा फरक पडला नाही. बदलला तो मुख्यतः डोक्याचा कोन. चेंडूपाशी येताना शाफ्ट पुढच्या बाजूला वाकलेला असतो, आणि लवचीक शाफ्ट जास्त वाकल्याने डोक्याचा चेहरा थोडा अधिक वर बघतो.

मग निवडायचा कसा?

दुकानातला तक्ता वेगावर चालतो: ताशी ७५ ते ९५ मैल असेल तर आर, त्यापुढे एस, ११० च्या वर एक्स. सुरुवातीला ठीक आहे. पण शाफ्ट वाकतो तो बलामुळे, आणि सारखा अंतिम वेग असलेले दोघे तो वेगवेगळ्या पद्धतीने गाठू शकतात. एक सावकाश सुरुवात करतो, दुसरा एकदम हिसका देतो. तक्ता दोघांना एकच अक्षर देतो.

आपल्या पद्धतीने करायचं तर असं करता येईल. डोकं, लांबी, पकड आणि शक्य तितकं वजन तेच ठेवायचं. फक्त ताठपणा बदलायचा. शाफ्टवरच्या अक्षरांवर चिकटपट्टी लावायची, कारण ‘एक्स’ वाचून माणूस जोर लावतो. शाफ्टचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा, म्हणजे थकव्याचा दोष एकाच्याच माथी येत नाही. प्रत्येकाने पुरेसे फटके मारायचे आणि सर्वांत लांब गेलेला एक फटका न बघता सरासरी आणि विखुरणं बघायचं. अक्षर शेवटी उघडायचं. तेव्हा ते काहीही निघालं तरी चालेल.

आता आपल्या प्रयोगशाळेतल्या वहीत बघा. ‘रूम टेंपरेचर’ला ठेवले, ‘रात्रभर’ हलवले, ‘किंचित’ गरम केले. मे महिन्यातल्या नागपूरची रूम आणि पद्धत जिथे लिहिली गेली त्या थंड देशातली रूम एक नाही. हे शब्द ‘स्टिफ’सारखेच आहेत. लिहिणाऱ्याला अर्थ पक्का माहीत असतो आणि वाचणाऱ्यालाही तसंच वाटतं, फक्त दोघांचे अर्थ वेगळे असतात. सिनॉप्सिस जमा करण्याआधी असे शब्द पेन्सिलने गोल करा आणि प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहा: कशाने मोजलं, आणि ते करताना काय काय स्थिर ठेवलं?