वरातीतला सॅक्सोफोन आणि ब्राझ गोन्साल्विस

चाळीसगावात सॅक्सोफोन पाहिला नाही असा माणूस विरळा. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेटशेजारी ते वाकड्या तोंडाचं पितळी वाद्य असतं ना, तेच. बेल्जियमच्या अडॉल्फ साक्सने १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं. लष्करी बँडमधून ते जगभर गेलं आणि पुढे जॅझचं झालं.

आपल्याकडे ते जॅझसाठी हाती धरणाऱ्यांत मोठं नाव म्हणजे ब्राझ गोन्साल्विस. गोव्यातलं नेवरा हे त्यांचं गाव. जॅझ म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते वाजवणं, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा. सुचायला आधी शिकावं लागतं. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चला जोडून शाळा होत्या. तिथे पोरं स्वरलिपी वाचायला शिकत. हीच पोरं मोठी होऊन पोटासाठी मुंबई-कलकत्त्याला गेली. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा बँड मुंबईच्या ताज हॉटेलात आला, आणि पुढे हे संगीत गोव्याच्या वादकांनी आपलंसं केलं. हळदोण्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट त्यांतलेच. आपल्या सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त, १९५१ साली, ते होते. ब्राझ पुढे त्यांचे जावई झाले.

ब्राझ कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवर लुई बँक्स आणि गायिका पॅम क्रेन यांच्याबरोबर वाजवत. पण नुसती अमेरिकन नक्कल त्यांनी केली नाही. १९७० साली त्यांची 'राग रॉक' ही रेकॉर्ड आली. यात अवघड काय, ते सांगतो. जॅझमध्ये सुरावटीखालचे कॉर्ड सतत बदलतात. रागात षड्ज जागचा हलत नाही. शिवाय सॅक्सोफोनला बटणं असतात, त्यामुळे मींड काढायची तर ती ओठांनी आणि श्वासानेच. ही दोन घरं त्यांनी एका वाद्यात नांदवली. १९७८ साली मुंबईत जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला, त्याच्या मंचावरही ते वाजवून गेले.

आता शिकवणाऱ्यांचं काय? आडनाव तेच, पण माणूस दुसरा: माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. व्हायोलिनवादक आणि प्यारेलाल यांचे गुरू. १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात शिष्याने गुरूचं नाव घातलं, म्हणून ते देशभर गेलं. ज्यांचा शिष्य संगीतकार झाला नाही, अशा गुरूंची नावं कुठे आहेत? सिनेमाच्या पाट्यांवर साध्या वादकाचंही नाव नसे, तिथे गुरूचं कोण लिहिणार?

म्हणून एकच विनंती. पुढच्या वरातीत सॅक्सोफोनवाल्याला नोट द्याल, तेव्हा एवढं विचारा: दादा, हे तुम्ही कोणाकडे शिकलात? तो जे नाव सांगेल, ते लिहून ठेवा. खान्देशातल्या वाजवणाऱ्यांचा इतिहास तिथूनच सुरू होईल.