बारा बोअर आणि शिशाच्या गोळीचे माप

‘बारा बोअरची बंदूक’ या शब्दांतले बारा हे ना इंच आहेत, ना मिलिमीटर. ते एका पौंडाचे वाटे आहेत. एक पौंड, म्हणजे सुमारे 454 ग्रॅम शिसे घेऊन त्याच्या बारा सारख्या गोल गोळ्या ओतल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. तिचा व्यास 18.5 मिलिमीटर भरतो. सोळा बोअरची नळी म्हणूनच बारापेक्षा अरुंद. आकडा वाढतो तशी नळी आवळत जाते. हे मोजमाप तराजूचे आहे, फूटपट्टीचे नव्हे. पौंडभर शिशात किती बार निघतील हे गोळी ओतणाऱ्याला त्यातून आपोआप कळे.

गोळी घरी ओतता आली याचे कारण शिशाच्या स्वभावात आहे. ते 327 अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे चुलीचा विस्तव आणि लोखंडी पळी पुरते. साचा सांडशीसारखा, दोन पाकळ्यांचा. रस थिजला की पाकळ्या उघडायच्या आणि गोळीला राहिलेला देठ छाटायचा. 18व्या शतकातल्या अमेरिकेत लांब नळीची रायफल घडवणारा कारागीर तिच्याबरोबर तिच्यापुरता साचाही देत असे, कारण एका बंदुकीची नळी दुसरीसारखी नसे. शेजाऱ्याची गोळी उसनी घेण्याची सोय नव्हती. घरगुती ओतकामाचे सर्वांत गाजलेले उदाहरण 1776 चे आहे. न्यूयॉर्कमधला राजा तिसऱ्या जॉर्जचा शिशाचा अश्वारूढ पुतळा 9 जुलैला जमावाने पाडला. त्याचे तुकडे कनेटिकटमधल्या लिचफील्ड गावी ऑलिव्हर वोलकॉट यांच्या घरी गेले आणि तिथे बायकामुलांनी त्यांतून 42,088 गोळ्या ओतल्या. हिशेब वोलकॉट यांनीच लिहून ठेवला, कोणी किती ओतल्या याच्या नावनिशीसह.

ओतणे सोपे असले तरी गोळी मापात उतरवणे कठीण. शिसे थिजताना आकसते, त्यामुळे गोळी साच्यापेक्षा किंचित लहान निघते. साचा थंड असेल तर अंगावर सुरकुत्या पडतात, फार तापला तर पृष्ठभाग कडक उन्हातल्या मिठासारखा पांढुरका होतो. रस ओतण्यात खंड पडला की पोटात पोकळी राहते. ती बाहेरून दिसत नाही, तराजूवर मात्र पकडली जाते. कथील मिसळले तर रस साच्याच्या कानाकोपऱ्यांत नीट भरतो. अँटिमनीने गोळी कठीण होते आणि आकसणेही कमी होते. छापखान्यातले खिळे याच तीन धातूंचे असत. 20व्या शतकात अमेरिकेतले हौशी ओतकरी लायनोटाइप यंत्राच्या जुन्या धातूवर आणि मोटारींच्या चाकांना लावायच्या शिशाच्या वजनांवर डोळा ठेवून असत, ते यामुळेच. पण भंगारातले मिश्रण प्रत्येक वेळी वेगळे, आणि मिश्रण बदलले की त्याच साच्यातली गोळीही वेगळ्या मापाची.

गुळगुळीत नळीच्या काळात या फरकाचे कोणाला फारसे वाटत नसे. ब्रिटिश फौजेच्या ‘ब्राउन बेस’ बंदुकीची नळी सुमारे 19 मिलिमीटरची आणि गोळी साडेसतराची. दीड मिलिमीटरची ही मोकळीक मुद्दाम ठेवलेली होती: काळ्या दारूची काजळी नळीत साचली तरी ठासणाऱ्याचा गज अडू नये. त्यापायी नेम मात्र गेला. पेचदार खाचांच्या नळीत तर सैल गोळी खाचा पकडतच नाही. म्हणून ती तेलकट चिंधीत गुंडाळून जोर लावून ठासावी लागे, आणि त्यात वेळ जाई.

यावरचा तोडगा 1849 मध्ये फ्रेंच अधिकारी क्लोद-एतियेन मिनिए यांच्या नावाने प्रसिद्ध झाला. गोळी निमुळती, नळीपेक्षा थोडी लहान आणि बुडाशी पोकळ. ठासताना सहज उतरायची, बार उडाला की वायूच्या दाबाने तिचे बूड फुगून खाचांत घुसायचे. मापाची उणीव आता बार स्वतःच भरून काढत होता. 1853 च्या एनफील्ड रायफलीची गोळी याच घराण्यातली. नळी 14.66 मिलिमीटर, गोळी 14.43, मधली फट पाव मिलिमीटरही नाही. तीत गोळी सरकावी म्हणून काडतुसाच्या कागदाला चरबी लावलेली होती. ती चरबी कशाची, या प्रश्नाने 1857 मध्ये हिंदुस्थानी शिपायांचा उठाव पेटला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या धामधुमीत एक कोरडी तांत्रिक अडचणही पुढे आली: हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात वंगण टिकेना आणि गोळ्या नळीत अडकू लागल्या. पुढे गोळी 13.97 मिलिमीटरपर्यंत बारीक केली गेली आणि वंगणासाठी मधमाश्यांचे मेण आले.

बंदुकीत मागून काडतूस भरण्याची पद्धत रुळली आणि गणित उलटले. गजाने ठासायचे नसल्याने गोळी नळीहून लहान असण्याची गरज उरली नाही; उलट ती खाचांच्या तळापेक्षा इंचाच्या एक-दोन सहस्रांशांनी, केसाच्या जाडीहून कमी फरकाने, मोठी हवी. मग ओतलेली गोळी मुळातच जरा जाड ठेवून पोलादी कड्यातून दाबून नेमक्या मापाची करायची, म्हणजेच ‘सायझिंग’, ही रीत रूढ झाली. कनेटिकटमध्ये जॉन बार्लो यांनी 1884 मध्ये काढलेल्या आयडियल कंपनीने अशी घरगुती अवजारे विकली. 1925 मध्ये ही कंपनी लायमन कंपनीकडे गेली. कडे फार अरुंद असले तर दाबलेली गोळी नळीत सैल पडते, तप्त वायू कडेने निसटतो आणि शिशाचा थर नळीला चिकटतो. नवखे लोक या थराचा दोष शिशाच्या मऊपणाला देतात. पुष्कळदा तो मापाचा असतो. बिनधुराच्या दारूने गोळीचा वेग वाढला तेव्हा साधे शिसे तोकडे पडले आणि सैन्यांनी तांब्याच्या मिश्रधातूचे कवच असलेल्या गोळ्या घेतल्या. घरगुती ओतकामाचे म्हणाल तर, भारतात 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे गुन्हा आहे.

बोअरचा आकडा मात्र छर्ऱ्यांच्या बंदुकीने सांभाळला. छर्रे फार पसरू नयेत म्हणून तिच्या नळीचे तोंड बहुधा आवळलेले असते, पूर्ण आवळ असेल तर सुमारे एक मिलिमीटरने. पौंडाला बारा या हिशेबाने ओतलेली मूळ गोळी अशा बारा बोअरच्या तोंडातून बाहेर पडू शकत नाही.